कोयनेचा दुसरा धक्का

आधी आवाज आला. जमिनीच्या पोटातून दगडांनी भरलेली गाडी खडखडत जावी तसा. मग कॉट हलली, डोक्यावरची कौलं थरथरली आणि दुपारचा आडवा झालेला अनंत थिटे अंगावरच्या कांबळ्यासकट बाहेर पळाला.

अंगणात भुरभुर पाऊस होता. आकाराम शेडगे त्याच्या आधीच येऊन उभा होता, अनवाणी, बनियनवर.

"घाबरू नका मास्तर," तो म्हणाला. "कोयनंची रोजची खोड हाय ही."

स्वयंपाकघरातून अनसूयाबाई मुतालिक आल्या. हातात चहाची गाळणी तशीच होती. त्यांच्या मागून स्वयंपाकाची अंबूबाई. मग न्हाणीघरातून कृष्णात पिसे धावत आला. निम्म्या गालावर साबणाचा फेस, निम्मा गाल कोरा. हादरा तोवर थांबलाही होता. सगळी ओल्या गवतावर उघड्या पायांनी उभी राहून एकमेकांकडे बघत होती, तेवढ्यात घराच्या मागच्या अंगाला धाडकन काहीतरी पडलं. पायाखाली काही हललं नाही.

"दरड," कृष्णात म्हणाला. गेले दोन दिवस दरडी कोसळल्याचे आवाज ऐकून सगळ्यांचे कान किटले होते. कुणी वळूनही पाहिलं नाही.

सगळ्यात शेवटी तात्या लिमये आले. काळा कोट गळ्यापर्यंत बटणं लावलेला, पायांत नाड्या बांधलेले बूट, डोक्यावर उघडलेली छत्री. एक हात त्यांनी पोटाशी गच्च धरला होता. माणूस भ्यायलाय, अनंतच्या मनात आलं.

"झोप लागली होती हो," तात्या धापा टाकत म्हणाले. "पहिल्या धक्क्यालाच उठून पळालो आणि त्या झाडामागे उभा राहिलो. दुसरा धक्का बसला तेव्हा मात्र वाटलं, आटोपलं आता." मग त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "अण्णा कुठे आहेत?"

अण्णा म्हणजे रघुवीर मुतालिक. ते अंगणात नव्हते.

मागच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधार होता, खिडकी बंद. भिंतीलगतचं सागवानी कपाट आडवं झालं होतं आणि त्याच्याखाली मुतालिक उताणे पडले होते. छातीपासून गुडघ्यांपर्यंत कपाट. डोकं लोखंडी पलंगाच्या पायथ्याशी. नाकावर चष्मा होता आणि उजव्या हाताखाली छपाईच्या मुद्रितांचे लांबट कागद.

आकारामनं आणि कृष्णातनं कपाट उचललं. अनंतनं मुतालिकांचं मनगट हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

अनसूयाबाई नवऱ्याजवळ बसल्या. रडल्या नाहीत. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "चष्मा कुणी घातला?"

दुःखात माणूस काहीबाही बोलतो, असं समजून अनंतनं ते सोडून दिलं.

*

या सगळ्यांना इथं आणलं होतं अनंतनंच.

तो साताऱ्याच्या कॉलेजात मराठी शिकवायचा. मुंबईचं साहित्यविश्व त्यानं पाहिलं होतं ते मासिकांच्या पानांतून, आणि त्या पानांत सगळ्यात वजनदार नाव होतं 'रहाट' मासिकाचं. मुतालिक त्याचे संपादक. 'रहाट'मध्ये कविता आली की कवी झाला, नाही आली की नाही झाला, इतकं सोपं होतं ते. असा माणूस कोयनानगरच्या वसाहतीतल्या हौशी मंडळींपुढे बोलायला यायला तयार झाला, याचंच अनंतला अप्रूप वाटलं होतं.

मुतालिकांबरोबर त्यांची पत्नी आली, सहसंपादक तात्या लिमये आले आणि कृष्णात पिसे आला. तात्या मूळचे सांगलीचे, वीस वर्षं 'रहाट'च्या कचेरीत घासलेले. कृष्णात म्हसवडचा, मुंबईच्या गोदीत हमाली करत कविता लिहिणारा. त्याच्या कवितांवरून मुंबईत वाद पेटले होते.

गाडी आकारामची होती. आकाराम लष्करी पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. लष्करानं लिलावात काढलेली एक जीप त्यानं घेतली होती आणि साताऱ्यात पोवई नाक्यावर 'खाजगी चौकशी' अशी पाटी लावली होती. बहुतेक चौकश्या सोयरिकीच्या असत. पण दोन-तीनदा पोलिसांनी हात टेकल्यावर त्यानं माणूस शोधून दिला होता, हे अनंतला माहीत होतं.

साताऱ्याच्या स्टँडवर अनंतनं मुतालिकांपुढे फुलांचा गुच्छ धरला होता. त्यांनी तो घेतला नाही, समोर बघत ताठ उभे राहिले. अनसूयाबाईंनी पुढे होऊन गुच्छ घेतला. अनंतला ते लागलं, पण मोठी माणसं अशीच असतात, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

विश्रामगृह होतं वसाहतीच्या वर, टेकडीवर. ज्या संध्याकाळी ही मंडळी पोचली त्याच रात्री डोंगर सुटला आणि खालचा रस्ता ओढ्यासकट वाहून गेला. वीज गेली, फोन मुका झाला. धुकं विरलं की खाली वसाहतीची घरं दिसत, माणसं हात हलवताना दिसत. हाक पोचायची, पण माणूस पोचू शकत नव्हता. कार्यक्रम राहिला बाजूलाच. सहा माणसं आणि अंबूबाई त्या टेकडीवर अडकून पडली. तांदूळ होते, सरपण होतं, आणि एकमेकांची तोंडं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुतालिक व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभे होते. अनसूयाबाईंनी कपाची कडी त्यांच्या बोटांकडे फिरवून चहा दिला. ते म्हणाले, "काय पसरलंय पाणी. आभाळाचा तुकडाच कापून ठेवलाय जणू."

अनंतनं धरणाकडे पाहिलं. पांढरं धुकं. कठड्यापलीकडची जास्वंदसुद्धा दिसत नव्हती. याला म्हणतात कवीची नजर, असं वाटून त्याचा ऊर भरून आला होता.

त्याच संध्याकाळी जेवताना कृष्णातनं एक कविता म्हटली. मुतालिक म्हणाले, "ही कविता नाही. हा आरडाओरडा आहे."

कृष्णात ताटावरून उठला. "आमच्या डोक्यावर जे कोसळतंय ते तुमच्या डोक्यावर एकदा कोसळू द्या अण्णा, मग सांगा कविता हाय का न्हाई."

आणि आज ते कोसळलं होतं.

*

"भूकंपानं घात केला," अनंत म्हणाला. तो आणि आकाराम व्हरांड्याच्या टोकाला उभे होते.

"मास्तर, टेबलावरच्या कंदिलाची काच बघितली का?"

"नाही."

"बघून या."

अनंत जाऊन आला. कंदील विझलेला होता. उंच, पातळ काच जागच्या जागी होती. शेजारी पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला, वर बशी झाकलेली. टेबल कोरडं.

"ज्या हादऱ्यानं पेल्यातलं पाणी सांडलं न्हाई, त्यानं सागवानी कपाट पाडलं," आकाराम म्हणाला. "पटतंय? आन कपाट पडलं पुढनं, जखम हाय डोक्याच्या मागं. कपाळाला वरखाडासुदीक न्हाई. पलंगाच्या लोखंडी कोपऱ्याला रक्त हाय, ते कुणीतरी पुसायला बघितलंय."

"म्हणजे आपल्यातलंच कुणीतरी?"

"दुसरं हाय कोण हितं? भायेरनं कुणी यायचं न्हाई, आतनं कुणी जायचं न्हाई. खाली ओढ्यावर माणसं फळ्या टाकायलीत, उद्या वाट मोकळी हुईल. मग ही मंडळी मुंबईला जातील, कागदावर भूकंप लागंल आन इषय संपंल." त्यानं बिडी पेटवली. "आजचा दिवस हाय आपल्या हातात. एकेकाला बोलवा."

अनंतला हे काम नकोसं झालं. ज्यांच्या सह्या घ्यायला तो मुंबईला जायची स्वप्नं बघायचा, त्यांना आता आरोपीसारखं बोलवायचं. पण पळून जायला जागाच नव्हती.

पहिला कृष्णात आला. उरलेली दाढी त्यानं केलीच नव्हती.

"तुमी बोलला व्हता, डोक्यावर कोसळू द्या," आकाराम म्हणाला.

"बोललो. रागात बोललो." कृष्णातनं गुडघ्यांवर हात टेकले. "पर आज सकाळी तेच माझ्या खोलीत आले. भिंतीला हात लावत लावत. म्हणाले, कालची कविता पुन्हा म्हण. मी म्हणलं, कागद देतो, वाचा. म्हणाले, कागद नको, तू म्हण. तीनदा म्हणायला लावली. मग म्हणाले, काल माझं चुकलं, दिवाळी अंकात पहिल्या पानावर घेतो. आवं, दहा वर्षं त्या मासिकाच्या दारात उभा हाय मी. त्या माणसाला मी मारीन?"

"हे आणखी कुणी ऐकलं?"

"तात्या व्हते की. आमी दोघं एकाच खोलीत हाय. ते कॉटवर पडून कायतरी वाचत व्हते."

"दुपारी तुमी न्हाणीघरात गेला तवा तात्या काय करत व्हते?"

"कोट घालत व्हते. म्हणलं कुठं निघाला एवढ्या पावसात? तर म्हणले, थंडी वाजतीय."

"तुमी दाढी कुठवर केली व्हती हादरा बसला तवा?"

कृष्णातनं आपला गाल चाचपला.

मग अनसूयाबाई आल्या. त्या खुर्चीत ताठ बसल्या, पदर खांद्यावरून घट्ट ओढून.

"बाई, आज सकाळी तुमच्यात आन साहेबांच्यात बोलाचाली झाली. मास्तरांनी ऐकलं," आकाराम म्हणाला.

अनंतनं मान खाली घातली. त्यानं खरंच ऐकलं होतं. बंद दारामागून बाईंचा आवाज येत होता: मला आता हे होत नाही, मी सगळ्यांना सांगून टाकणार आहे.

"ते नवराबायकोतलं होतं."

"काय सांगून टाकणार व्हता?"

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

"बरं. चष्मा कुणी घातला, आसं म्हणाला तुमी."

"दुपारी ते पडून असतात," त्या म्हणाल्या. "पडताना चष्मा कोण घालतं?"

"खिडकी बंद कुणी केली?"

"मी. गार वारा येत होता. दुपारपासून मी अंबूबाईंपाशी होते." त्या उठल्या. "तुम्हाला काय वाटायचं ते वाटू द्या."

शेवटी तात्या. कोट अजून अंगात, बटणं तशीच.

"वीस वर्षं, हवालदार," ते म्हणाले. "दादरला कचेरीत पहिला दिवा मी लावायचो, शेवटचा मी मालवायचो. अलीकडे अण्णा घराबाहेर फारसे पडत नसत. मी मजकूर घरी पोचवायचो. अण्णा तोंडी सांगायचे, वहिनी उतरवून घ्यायच्या आणि निकाल माझ्याकडे यायचा. हे छापा, हे परत करा."

"तुमी सोता लिवता का काय?"

तात्या हसले. "एक कादंबरी लिहिली. बारा-तेरा वर्षं खपलो तिच्यावर. इकडे निघायच्या आदल्या दिवशी परत आली. छापण्याजोगी नाही, एवढंच लिहून."

"वाईट वाटलं असंल."

"वाटणारच. पण अण्णांचा शब्द तो शब्द. त्यांच्या शब्दावर दुसऱ्यांच्या कादंबऱ्या वीस वर्षं परत केल्या मी. माझीच वेगळी का असावी?"

"त्यांच्या हाताखालची मुद्रितं तुमी दिलेली?"

"सकाळीच दिली होती. वाचत बसले असतील बिचारे, तेवढ्यात हे झालं."

"तुमी दुसरा धक्का म्हणाला."

"हो. चांगला जोराचा. झाडामागे उभा होतो, पायाखालची जमीन सरकली. कपाट त्यानंच पडलं असणार."

तात्या गेल्यावर अनंत म्हणाला, "मला सांगायला जड जातंय. पण मला बाईंचा संशय येतोय. भांडण झालेलं, काहीतरी लपवतायत, आणि डोळ्याला पाणी नाही."

"लपवतात ते खरं हाय," आकाराम म्हणाला. "पर त्यांनी जे लपवलंय, त्यानंच त्या सुटतात. चला, समद्यांना चहाला बोलवा."

*

जेवणघरात अंबूबाईनं चहा मांडला. खिडक्यांना धुकं चिकटलं होतं. मागच्या खोलीचं दार लावून घेतलेलं होतं, तरी जो तो त्या दाराकडे पाठ करून बसायचं बघत होता.

आकाराम उभाच राहिला.

"भूकंपानं साहेब गेले न्हाईत," त्यानं सुरुवात केली, आणि कंदिलाची काच, पाण्याचा पेला, डोक्यामागची जखम हे सगळं सांगितलं. "कुणीतरी त्यांना ढकललं, पलंगाचा कोपरा डोक्यात बसला. आन मग त्या माणसाच्या नशिबानं जमीन हलली. त्याला वाट दिसली. त्यानं कपाट पाडलं, साहेबांच्या नाकावर चष्मा चढवला, हाताखाली कागद सारले. वाचत बसलेला माणूस भूकंपात गेला, आसं चित्र उभं केलं."

तो अनसूयाबाईंकडे वळला. आवाज खाली आला.

"बाई, साहेबांना दिसंनासं कवापासून झालं?"

अनंतनं कप खाली ठेवला.

"दोन वर्षं झाली," अनसूयाबाई म्हणाल्या.

"काय बोलताय वहिनी?" तात्या म्हणाले.

"मास्तरांनी फुलं पुढं केली, साहेबांनी बघितली न्हाईत," आकाराम सांगत राहिला. "धुक्यानं समदं झाकलं असताना पाण्याचं कौतुक केलं. धरणाकडं तोंड करून उभं केलंय म्हणल्यावर पाणी दिसत आसंल, आसा त्यांचा हिशेब. कपाची कडी बाईंनी बोटात दिली. कृष्णातच्या खोलीत भिंत चाचपत गेले आन कागद नको, म्हणून दाखव, म्हणाले. आन ती खोली. खिडकी बंद, दिवा न्हाई, आत काळोख. डोळस माणूस काळोखात मुद्रितं वाचत बसंल व्हय? ज्यानं चष्मा घातला त्याला ह्ये ठावं नव्हतं. बाईंना ठावं व्हतं. म्हणून बाई सुटल्या. आन कपाट पडलं तवा त्या अंगणात अंबूबाईच्या पुढं उभ्या व्हत्या."

अनंतला काल सकाळचं धुकं आठवलं आणि आपण त्यात काय काय पाहिलं होतं ते आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"राहिले कृष्णात आन तात्या. हादरा बसला तवा कृष्णात अर्धी दाढी टाकून आला. कपाट पडल्याचा आवाज त्यानं आमच्यासंगट अंगणात ऐकला. आमी त्याला दरड समजलो. पायाखाली कुणाच्या काय जाणवलं? मास्तर?"

"काहीच नाही," अनंत म्हणाला. आता त्याला ते लख्ख आठवत होतं. आवाज झाला होता आणि गवत निवांत होतं.

"अंबूबाई?"

"न्हाई बा. एकदाच हाललं."

"धक्का एकच व्हता. दुसऱ्या धक्क्यानं जमीन सरकली म्हणणारे एकटे तात्या. कारण तो आवाज कशाचा, ह्ये त्यांना एकट्याला ठावं व्हतं आन त्याला कायतरी नाव देणं भाग व्हतं." आकारामनं तात्यांच्या बुटांकडे बोट केलं. "झोपंतनं दचकून पळालेला माणूस नाड्या बांधत बसत न्हाई. तुमी साहेबांना भेटायला म्हणून तयार झाला. कोट, बूट, वीस वर्षांची सवय."

"हे सगळे तर्क आहेत," तात्या म्हणाले. त्यांचा चेहरा धुतल्यासारखा पांढरा झाला होता.

"व्हय. एकच गोष्ट मला उमगत नव्हती. माणूस मारून आलेला माणूस छत्री कशाला उघडतो? अंगणात समदी भिजत व्हती. मग तुमचा हात बघितला. दुपारधरनं तो पोटावर हाय. कोट काढला न्हाई, बटण सोडलं न्हाई. खोलीत कृष्णात, ठेवायला जागा न्हाई. काढा तात्या, काय हाय ते. पावसापासनं जपलंय तुमी त्याला."

तात्यांनी एकेक बटण सोडलं आणि कोटाच्या आतून सुतळीनं बांधलेला कागदांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. कागद कोरडे होते. कडेला चुरगळलेले.

"मी त्यांना मारायला गेलो नव्हतो," ते म्हणाले. "सकाळी त्यांनी याची कविता घेतली. समोर उभं राहून तीनदा ऐकून घेतली. आणि माझ्या बारा वर्षांना एक ओळ. मी म्हटलं, जाऊन विचारावं. मी विचारलं, अण्णा, खरंच वाचलीत? ते म्हणाले, वाचली. मी म्हटलं, मग कुठं बिघडलंय ते दाखवा. कुठलंही एक पान दाखवा. आणि गठ्ठा त्यांच्या हातात दिला." त्यांचा आवाज फुटला. "त्यांनी मान खाली घातली नाही. कागदांकडे एकदा बघितलंसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, जा तात्या, त्यात काही नाही. मला वाटलं, माझं लेखन यांना डोळे खाली करण्याच्याही लायकीचं वाटत नाही. मी ढकललं. एकदाच ढकललं."

"आणि कपाट?" अनंतनं विचारलं.

तात्या गठ्ठ्याच्या चुरगळलेल्या कडा सरळ करू लागले.

"वाचली होती," अनसूयाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मी वाचली होती. दोन वर्षं सगळं मीच वाचतेय. निवड माझी, शेरे माझे, अग्रलेख माझे. त्यांना मी हवं तेवढं वाचून दाखवायची, नको ते नाही. कुणाला कळू द्यायचं नाही, अशी त्यांची शपथ होती. मुंबईला आंधळा संपादक नको असतो, म्हणायचे. आणि बाईमाणूस तर त्याहून नको. आज सकाळी तेच भांडण होतं. मी म्हटलं, मला आता लपता येत नाही, मी सांगून टाकणार." त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "तात्या, तुमची कादंबरी त्यांना मी वाचून दाखवलीच नाही."

"का?" तात्यांनी विचारलं.

"कारण ती चांगली होती."

तात्यांनी मान वर केली.

"ती छापली असती तर तुम्ही नाव झालेले लेखक झाला असता. 'रहाट'मध्ये कशाला राहिला असता? तुम्ही गेला असता तर कचेरीत नवा माणूस आला असता. तो घरी येऊन अण्णांसमोर बसला असता, आणि पहिल्याच दिवशी त्याला कळलं असतं. तुम्ही कधी नजर वर करून त्यांच्याकडे पाहिलं नाहीत, म्हणून आमचं चाललं होतं. मी तुम्हाला जाऊ देऊ शकत नव्हते." त्या थांबल्या. "वाचली, असं ते तुम्हाला म्हणाले, ते माझी अब्रू राखायला. त्यांना त्या कादंबरीचं नावसुद्धा माहीत नव्हतं."

अंबूबाई पदर तोंडाला लावून आत गेली. तात्या टेबलावर वाकले आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्यांना बांधायचं की कोंडायचं, असं अनंतनं हळूच विचारलं. आकारामनं मान हलवली.

"कुठं जातील?" तो म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ओढ्यावर फळ्या पडल्या. पाटणचे फौजदार दोन शिपाई घेऊन चढून आले. पंचनामा झाला, जबाब झाले. कागदांचा गठ्ठा पुरावा म्हणून बांधला गेला. फौजदारांनी अनसूयाबाईंच्या नावापुढे न विचारताच घरकाम असं लिहिलं. बाईंनी ते वाचलं, लेखणी मागितली, खोडून स्वतःच्या हातानं संपादक असं लिहिलं आणि खाली सही केली.

मुतालिकांना खाली नेलं. कृष्णातनं एका बाजूला खांदा दिला होता. चिखलात पाय घसरत होते, तरी त्यानं बाजू बदलू दिली नाही.

ओढ्याच्या पलीकडे पोलिसांची गाडी उभी होती. तात्यांना शिपायानं मागच्या बाकावर बसवलं. अनसूयाबाई फळीवरून अनंतचा हात धरून अलीकडून पलीकडे आल्या. गाडीशेजारून जाताना त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"वहिनी," तात्या म्हणाले.

त्या थांबल्या. अनंतला वाटलं, आता हा माणूस माफी मागेल, आणि त्याला ती ऐकायची नव्हती. पण बाजूला व्हायला वाटच नव्हती. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला दरडीचा ढीग.

तात्यांनी दोनदा बोलायचा प्रयत्न केला.

"शेवटचं प्रकरण कसं वाटलं?"

शिपाई त्यांच्याकडे बघतच राहिला. अनसूयाबाईंनी अनंतचा हात सोडला. आपल्या नवऱ्याला मारणाऱ्या माणसाकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"शेवटची चार पानं नकोत," त्या म्हणाल्या. "कादंबरी त्याच्या आधीच संपली होती."

तात्यांनी मान खाली घातली, विचार केला आणि होकारार्थी हलवली, कचेरीत वीस वर्षं हलवली होती तशी.

मग शिपायानं दार लावलं.